जोडलेलं घड्याळ विकलं तर किती येतील?

‘रोलेक्स सबमरीनरसारखं दिसणारं घड्याळ सुटे भाग आणून स्वतः जोडलं तर कितीला पडतं? आणि मन भरल्यावर विकलं तर पैसे सुटतात का?’ हे मला बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सगळा हिशेबच मांडतो.

मशीन बहुतेक जण सिको या जपानी कंपनीचं एनएच 35 घेतात. 24 ज्वेल (घर्षण कमी करणारे बारीक खडे), तासाला 21,600 ठोके, एकदा पूर्ण चावी दिली की साधारण 41 तास चालतं. माझ्या शेवटच्या घड्याळात ते साडेचार हजारांना पडलं. सफायर काच बसवलेली केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, साडेसहा हजार, डायल दोन हजार, काटे एक हजार, स्टीलचा पट्टा तीन हजार. वर कस्टम ड्यूटी आणि कुरिअर धरून वीस हजार झाले. हत्यारं वेगळी.

पण खरे पैसे खातात त्या चुका. पहिल्या वेळी मी काटे मागवले ते ईटीए 2824 या स्विस मशीनच्या मापाचे. तासाचा आणि मिनिटाचा नीट बसले. सेकंद काट्याचं भोक मात्र 0.25 मिलिमीटरचं निघालं, सिकोला 0.20चं लागतं. हात जरा झटकला की काटा सुटून डायलवर लोळायचा. नंतर एकदा सगळं बंद केल्यावर बाराच्या आकड्याखाली धाग्याचा एक तंतू दिसला. पुन्हा उघडलं, काटा उचलताना चिमटा घसरला आणि काळ्या डायलवर केसाएवढा पांढरा ओरखडा उमटला. डायल गेली. चावीची दांडी अर्धा मिलिमीटर जास्त कापली गेली, ती गोष्ट तर सोडूनच द्या.

त्या वीस हजारांच्या घड्याळाचे मला नऊ हजार आले, तेही ओळखीत. घेणाऱ्याचं काही चुकलं नाही. माझा हात कसा आहे, पाणी आत शिरेल का, हे त्याला कळायला मार्ग नाही, आणि वॉरंटीही नाही. थोडी भर घातली की त्याला कंपनीचं नवं घड्याळ मिळतं. कधीकधी तर मशीन आणि केस सुटे विकले तरच जास्त येतात.

मग लोक म्हणतात, डायलवर रोलेक्सचं नाव छापून घेतो, भाव येईल. कळकळीने सांगतो, नका करू. नाव आलं की तो बनावट माल. ट्रेड मार्क कायदा 1999 प्रमाणे तो विकणं, किंवा विकायला जवळ ठेवणंही गुन्हा आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. शिवाय तुम्ही घेणाऱ्याला खरं सांगाल हो, पण तो पुढच्याला सांगेल?

गेल्या वर्षी एक काका असंच घड्याळ घेऊन आले. मुलाच्या लग्नात त्याला द्यायला, अस्सल म्हणून घेतलेलं. मागचं झाकण उघडलं, आत एनएच 35. ‘चालतंय ना पण बरोबर?’ त्यांनी विचारलं. चालत होतं.

तेव्हापासून मी डायल कोरीच मागवतो. घड्याळ कोणाला दिलं तर भागांची यादी आणि बिलं डबीत ठेवतो, आणि झाकणाच्या आत बारीक अक्षरांत ‘हाताने जोडलेलं’ असं कोरतो.