सतरा इंची हौस आणि आषाढातले खड्डे

शनिवार, आषाढ. बाहेर मुसळधार.

पावसाळा लागला की वाकलेली अलॉय व्हील सरळ करून देणाऱ्यांचा धंदा तेजीत येतो. तिथे रांगेत उभ्या असलेल्या गाड्या बहुतेक एकाच जातीच्या. छोटी हॅचबॅक, कंपनीतून चौदा-पंधरा इंची चाकं घेऊन आलेली आणि मालकानं हौसेनं सतरा इंची चढवलेली. हौसेला मोल नाही म्हणतात, पण रिमला आहे.

२०१८ ची स्विफ्ट घ्या. खालच्या व्हेरियंटला टायर १६५/८० आर १४, वरच्याला १८५/६५ आर १५. पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. रुंदीच्या ८० टक्के म्हणजे पहिल्याची साइडवॉल १३२ मिमी, दुसऱ्याची १२० मिमी. पूर्ण व्यास मात्र दोन्हींचा जवळपास सारखा, ६२० मिमीच्या आसपास. स्पीडोमीटर आणि गिअरिंग बिघडू नये म्हणून कंपनीनं तो सांभाळलेला असतो. आता सतरा इंची रिमवर २०५/४५ बसवा. व्यास ६१६ मिमी, म्हणजे तिथे फारसं बिघडत नाही. साइडवॉल मात्र ९२ मिमीवर येते. खड्ड्याचा दणका आधी खायचा तो या रबरानं आणि त्यातल्या हवेनं. तेच चार सेंटिमीटर कमी झाले की दणका थेट रिमला, तिथून शॉकअपला आणि बॉलजॉइंटला. म्हणून माझं स्पष्ट मत असं की कोकणात आणि घाटावर फिरणाऱ्या माणसाला स्वस्त व्हेरियंटचेच टायर जास्त शहाणे. दिसायला गाडी बापडी वाटते, वाटू द्या.

तरीही मोठं चाक हवंच असेल तर पंधरावरून एकच इंच वाढवून थांबावं. १९५/५५ आर १६ चा व्यास ६२१ मिमी आणि साइडवॉल १०७ मिमी. टायर घेताना लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, वाचायचा. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. मूळ टायरपेक्षा हा आकडा खाली जाता कामा नये. दुकानदार डिझाइन दाखवतो, हा आकडा दाखवत नाही.

खरा घोळ रिमच्या मधल्या भोकात असतो. बाजारातल्या बऱ्याच अलॉयना ७३.१ मिमीचं भोक असतं, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना चालते. छोट्या गाड्यांचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, त्यापेक्षा बराच लहान. मधली फट भरायला हब रिंग लागते, आणि ती शंभरदा विसरली जाते. मग चाक फक्त नटांच्या जोरावर मध्यावर राहतं, ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि मालक बॅलन्सिंगवर बॅलन्सिंग करत बसतो. दुसरं, ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती अंतरावर आहे तो आकडा. तो कमी असला की चाक बाहेर येतं, बेअरिंगवर ताण वाढतो आणि चिखल दारापर्यंत उडतो. बसवून झाल्यावर मागे तीन माणसं बसवायची, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायचं आणि आतल्या प्लॅस्टिकवर घासल्याची खूण दिसते का ते बॅटरीच्या उजेडात बघायचं. नट आधी हातानं, मग समोरासमोरचे आळीपाळीनं. गाडी थोडी पळाली की पुन्हा एकदा पाना लावायचा.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे. पुढची चाकं गाडी ओढतात म्हणून नवे पुढे, असं बहुतेक पंक्चरवाले सांगतात. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की बहुधा परत ऐकते. मागची सुटली तर शेपूट फिरते आणि आंबोलीच्या वळणावर ती सावरायला जागा नसते. कायद्याची मर्यादा नक्षीच्या १.६ मिमी खोलीची आहे, पण आपल्या पावसात ३ मिमीला टायर बदलावा.

हेडलाइटचं थोडक्यात. ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० चा बल्ब टाकला की एका बल्बला ५ ऐवजी सव्वाआठ अँपिअर लागतात. रिलेशिवाय, म्हणजे जास्तीचा करंट थेट बॅटरीतून बल्बला देणाऱ्या स्विचशिवाय, टाकला तर होल्डर वितळतो, आणि रिले लावला तरी रस्त्यावर ते बेकायदा आहेच. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवणं त्याहून वाईट. उजेडाचा उगम फिलामेंटच्या जागी तंतोतंत येत नाही, मग समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला खड्डा दिसत नाही. त्यापेक्षा पिवळी पडलेली काच १०००, २००० आणि ३००० च्या पॉलिश पेपरनं पाणी मारत घासावी, पॉलिश करावी आणि वर यूव्ही कोट द्यावा. कोट टाळला तर पिवळेपणा लवकर परत येतो. मग सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी लावून लो बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५ सेंमी खाली आणावी.

आणि डिझाइनवाल्यांवर राग एकाच गोष्टीचा. घाटात अचानक काच धुरकटते, तेव्हा एसी चालू, हवा बाहेरची आणि झोत काचेवर, ही तीन कामं न बघता व्हायला हवीत. पूर्वी तीन खटके होते. आता स्क्रीनवर मेनू शोधा. ताशी ६० च्या वेगानं दोन सेकंद नजर हटली की गाडी ३३ मीटर आंधळी जाते. गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेनं २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हॅझार्ड यांना खरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलं, ते बरं झालं. एसीचं बटण त्या यादीत नाही. ते युरोपात चालत असेल, ताम्हिणीत नाही.