दांड्यावरचा दोरा

रेझर हातातून निसटला तेव्हा आधी पाय मागे घेतला आणि मग मामा आठवले. साबणाने बुळबुळीत झालेला हात, खाली कडक फरशी. टण्ण असा आवाज झाला, रेझर एकदा उडाला आणि भिंतीला जाऊन टेकला. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून मी तो उचलला. फणीच्या एका कोपऱ्यातले दोन दाते वर वळले होते आणि दांड्याच्या गळ्यापाशी उभी भेग दिसत होती.

हा रेझर मामांच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या पणजोबांचा. जिलेटचा, तीन सुट्या भागांचा, १९३०च्या आधीच्या घडणीचा. मामांनी देताना एवढंच म्हटलं होतं, "वापरणार असशील तरच ने. कपाटात ठेवायला माझंही कपाट आहे." त्यामुळे नेला आणि वापरला. तीन आठवडे वापरला.

ज्यांनी असा रेझर पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वर एक वळणदार टोपी असते. तिच्या पोटातून आटे पाडलेला खिळा खाली येतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन छोट्या खुंट्या. त्यावर पातं, पात्याखाली दातेरी फणी, आणि शेवटी पोकळ पितळी दांडा. दांडा पिळला की टोपी खाली ओढली जाते आणि मधलं पातं कमानीसारखं वाकतं. सगळी गंमत या वाकण्यात आहे. सुटं पातं कागदासारखं लवतं, पण दाबून वाकवलं की ताठ उभं राहतं. किंग कॅम्प जिलेट यांना या रचनेचं पेटंट १५ नोव्हेंबर १९०४ रोजी मिळालं. विक्री त्याआधीच, १९०३मध्ये सुरू झाली होती आणि त्या पहिल्या वर्षात अवघे ५१ रेझर खपले होते. पातळ पोलादी पट्टीला पाणी देऊन धार टिकवण्याचं खरं डोकेदुखीचं काम विल्यम निकरसन या इंजिनियरने सोडवलं. जिलेट यांचं नाव झालं, निकरसन यांचं फारसं कुणाला माहीत नाही.

तर आमचं दुरुस्तीचं काम. सुरुवात मी चुकीच्या टोकाने केली होती आणि तीही पडझडीच्या तीन आठवडे आधी. रेझर घरी आला तेव्हा कळकट होता. फणीच्या दातांमध्ये साबणाचा पांढरा थर, खुंट्यांच्या मुळाशी हिरवट कळंक, आणि दांड्यावर वरच्या बाजूला काळपट, तेलकट दोरा घट्ट गुंडाळलेला. दोरा बघून मला किळस आली. ब्लेडने कापून काढला आणि टाकून दिला. मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो. तासाभरात रेझर चांगला दिसायला लागला. तिथे थांबायला हवं होतं. पण हाताशी धातूला चकाकी आणायची पेस्ट होती आणि मला अजून चकाकी हवी होती. फणीच्या मागच्या बाजूला घासत राहिलो. फडकं काळं होत होतं, मला वाटलं मळ निघतोय. निघत होता तो मुलामा. नखाएवढ्या जागेत खालचं पितळ पिवळंधमक उघडं पडलं तेव्हा भानावर आलो. जुन्या रेझरवरचा मुलामा फार पातळ असतो. पेस्टने घासलं की थोडा का होईना, जातोच.

आता दाते. पितळ वाकवताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते: थंड पितळ प्रत्येक वाकवण्याबरोबर आणखी कडक होत जातं. इकडे, तिकडे, परत इकडे असं केलं की मुळाशी तडकतं आणि दात तुटून हातात येतो. तापवलं तर नरम पडतं, पण तेवढ्या उष्णतेत मुलाम्याची वाट लागते. म्हणजे दात एकाच दिशेने, सावकाश आणि शक्यतो एकाच दमात सरळ करायचा. शिवाय पितळ थोडं परत फिरतं, म्हणून हवं त्यापेक्षा किंचित पुढे न्यायचं आणि सोडायचं.

पकडीच्या जबड्यांना जुन्या पट्ट्याचं चामडं चिकटवलं. फणी लाकडी ठोकळ्यावर आडवी ठेवली, भिंग लावलं. आतल्या बाजूचा दात पहिल्या प्रयत्नात जागेवर आला, आणि माझा आत्मविश्वास वाढला. कोपऱ्यातला दात मी जरा जास्तच खाली नेला. परत वर आणायला लागलो तेव्हा पकडीतूनच कळलं की हा आता पहिल्यासारखा वळत नाही, अडून बसलाय. भिंगातून पाहिलं तर मुळाशी केसाएवढी रेघ. पकड खाली ठेवली. दात अजून जरासा वाकडा होता.

रात्रभर त्या दाताने छळलं. सकाळी रेझरमध्ये पातं बसवून पाहिलं आणि सुटलो. आजच्या पात्यांची धार टोकापर्यंत नसते. पातं साधारण ४३ मिलिमीटर लांब, पण दोन्ही टोकांना बोटांनी धरायच्या अरुंद, बोथट पट्ट्या असतात. माझा वाकडा दात नेमका त्या पट्टीखाली येत होता. गालाशी त्याचा संबंधच नव्हता. या कोपऱ्यांचा त्रास मुळात जुनाच आहे. हा रेझर पडला की आधी कोपरा वाकायचा आणि कोपरा वाकला की पातं तिथे नीट बसत नसे. कंपनीने १९३०मध्ये नवा रेझर काढला तेव्हा पात्याचे चारही कोपरेच कापून टाकले. दात सरळ करण्यापेक्षा सोपं!

दांड्याची भेग मात्र सोपी नव्हती. गळ्यापासून खाली सेंटिमीटरभर. दांडा पिळला की भेग उघडायची, आटे घसरायचे आणि टोपी सैल राहायची. सैल टोपी म्हणजे हलणारं पातं. तसा रेझर गालाला लावायचा नसतो.

डाख द्यावा का, असा विचार करत भेग भिंगाखाली धरली आणि तिथे एक विचित्र गोष्ट दिसली. नुकतं तुटलेलं पितळ आतून लख्ख दिसायला हवं. भेगेच्या कडा काळ्या होत्या. टाचणीने खरवडलं तर आतून वाळलेला साबण निघाला. तीन आठवड्यांचा नव्हे, दगडासारखा झालेला. ही भेग माझी नव्हती.

मामांना फोन लावला. रेझर पडला हे आधी सांगून टाकलं. ते शांतपणे म्हणाले, "दाते नीट झाले ना? मग झालं." मग मी भेगेचं विचारलं.

"ती होतीच की. म्हणून तर आजोबा दोरा गुंडाळायचे. ओला करून, खेचून. सुटला की नवा. का रे, दोरा कुठंय?"

मी विषय बदलला.

म्हणजे मी ज्याला घाण समजून कापून फेकलं ती दुरुस्ती होती. दोरा होता तोवर भेग उघडत नव्हती. दोरा गेला, मी तीन आठवडे दांडा पिळत राहिलो, ती रुंदावत गेली, आणि फरशीने शेवटचा धक्का दिला.

मग या भेगांबद्दल वाचत बसलो, आणि ते वाचन दुरुस्तीपेक्षा रंजक निघालं. पितळी नळी खेचून, दाबून घडवतात तेव्हा धातूच्या आत ताण कोंडून राहतो. बाहेरून काही दिसत नाही. त्याला ओलावा आणि अमोनिया मिळाला की पितळ आपोआप, कुणी हात न लावता, लांबीच्या दिशेने तडकतं. हा रोग पहिल्यांदा ठळकपणे कळला तो हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या काडतुसांमुळे. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसं तडकलेली सापडायची. पावसाळ्याच्या ऋतूत होतं म्हणून इंग्रजांनी त्याला ऋतूवरूनच नाव दिलं, सीझन क्रॅकिंग. खरं कारण १९२१मध्ये कळलं: तबेल्यातल्या घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि धातूत कोंडलेला ताण. उपायही साधा होता. माल घडवून झाला की २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवून ताण उतरवायचा. पणजोबांच्या दांड्याला घोडा कधी भेटला नसावा, पण याच घडणीच्या पोकळ दांड्यांची गळ्यापाशी तडकण्याची खोड रेझर जमवणाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. हे वाचल्यावर मी मोरीतली काच पुसायची बाटली उचलून लेबल पाहिलं. त्यात अमोनिया होता. त्याच फवाऱ्याने रेझर पुसायचा बेत मी आदल्याच दिवशी केला होता.

डाख देण्याचा विचार सोडला. कथील आणि शिशाचा डाख १८३ अंशांना वितळायला लागतो, मुलामा कदाचित टिकलाही असता, पण माझा हात तेवढा स्थिर नाही. शिवाय पणजोबांनी मार्ग दाखवूनच ठेवला होता. भेगेला आतून चिकटवून उपयोग नाही, ती बाहेरून आवळायला हवी. फक्त दोऱ्याऐवजी तार.

आधी भेग टाचणीने आणि मग स्पिरिटने स्वच्छ केली. साबणाचा अंश राहिला तर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून वापरायचा घट्ट होणारा गोंद, धरत नाही. टोपीच्या खिळ्याला व्हॅसलिन फासलं, अगदी आट्यांच्या तळापर्यंत. इपॉक्सीचे दोन्ही भाग कालवून दातकोरणीने भेगेत भरले आणि व्हॅसलिन लावलेला खिळा दांड्यात पिळून ठेवला, म्हणजे आत जे शिरेल ते आट्यांच्याच आकारात बसेल. मग अर्धा मिलिमीटरहून बारीक तांब्याची तार. एक टोक शेगड्यात, म्हणजे बाकाला बसवलेल्या वाइसमध्ये, आवळलं, दुसऱ्या टोकाला रेझर धरून मागे झुकलो आणि तार ताणलेली ठेवत दांडा फिरवत पुढे सरकत गेलो. वेढ्याला वेढा चिकटून. अठरा वेढे झाले. वरून इपॉक्सीचा पातळ हात. ताण तारेवर आहे, इपॉक्सीचं काम फक्त तार सुटू न देणं.

पाऊण तासाने, माल घट्ट होत आलेला पण दगड झालेला नसताना, खिळा अर्धा आटा मागे फिरवला. हे विसरलो असतो तर टोपी कायमची दांड्याची झाली असती. कुरकुरत फिरला. मग दिवसभर हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी नवं पातं घालून दांडा पिळला. भेग हलली नाही. टोपी घट्ट बसली. पण घट्ट म्हणजे सरळ नव्हे. जुन्या खुंट्यांवर पातं किंचित सरकतं, म्हणून दांडा पिळताना पात्याच्या दोन्ही बोथट टोकांना बोटांनी मधोमध धरून ठेवावं लागतं. रेझर दिव्यासमोर आडवा धरला आणि एका बाजूने डोळा लावला: टोपीच्या कडेबाहेर पात्याची चंदेरी रेघ दोन्हीकडे सारखी हवी. एकीकडे जाड, दुसरीकडे जेमतेम. सैल केलं, परत धरलं, परत पिळलं. चौथ्या वेळी जमलं. मग पातं आणि दात यांच्यामधल्या फटीत फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची, पातळ पोलादी पानं सरकवून पाहिली. डावी-उजवीत एका पानाचा फरक राहिला, तो दुरुस्त केलेल्या कोपऱ्याकडे. तेवढा फरक मी सोडून दिला.

पहिली दाढी भीतभीतच. आधी मनगटाजवळचे केस, मग गाल, हनुवटी सगळ्यात शेवटी. दात्यांच्या रेझरचा कर्र कर्र असा एक आवाज असतो, दात्यांऐवजी सलग पट्टी असलेल्या रेझरला तो तसा येत नाही. आवाज दोन्ही बाजूंनी सारखा येत होता. खालच्या ओठाखाली एकदा कापलं, पण तो दोष माझ्या कोनाचा.

महिन्याभराने मामा आले. रेझर मागून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि तारेवरून अंगठा फिरवला. "दोरा बरा होता," म्हणाले. "ओल्या हाताला पकड यायची." मग रेझर उलटा केला आणि फणीच्या मागच्या पिवळ्या डागावर बोट ठेवलं.

"आणि हे काय?"

"जुनंच असेल," मी म्हणालो.