दोन कासवं, एक टाकी आणि मधली भिंत : माझा अनुभव

"राहू द्या एकत्र, सवय होईल." हे वाक्य मला ज्यानं त्यानं ऐकवलं. कासवं विकणाऱ्यानं ऐकवलं, कासवं पाळणाऱ्या ओळखीच्यांनी ऐकवलं, घरी आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा ऐकवलं. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण त्या सल्ल्याची किंमत माझ्या बारक्या नावाच्या कासवाच्या शेपटीनं मोजली. ज्यांच्या टाकीत आत्ता दोन कासवं एकमेकांच्या मागे लागली आहेत त्यांना आधीच सांगते: सवय होत नाही. वेगळं करा, आजच करा, बाकीचं सावकाश वाचा.

ढब्बू आणि बारक्या, दोघंही रेड-इअर्ड स्लायडर. डोळ्यामागे लाल पट्टा असलेली ही नेहमी दिसणारी जात. आणली तेव्हा दोघं तळहातावर मावायची, एकाच टाकीत वाढली आणि बराच काळ काही तक्रार नव्हती. त्या वयात नर की मादी हे बाहेरून कळत नाही. कवच १० सेंटिमीटरच्या आसपास गेलं की नराची पुढच्या पायांची नखं लांब वाढतात, शेपटी जाड आणि लांब होते. दोघांचीही तशी झाली. दोन नर एका टाकीत, यापेक्षा वाईट जोडी नाही. नर-मादी ठेवली तर नर मादीला सतत छळतो. दोन माद्या पुष्कळदा निभावतात, पण त्याचीही खात्री नसते. तिसरं कासव आणून वातावरण निवळेल, असंही मला सुचवलं गेलं. तिसऱ्यामुळे जागा आणखी कमी होते आणि चावणारं तोंड एकानं वाढू शकतं.

सुरुवात चावण्यानं झाली नाही. ढब्बू बारक्यासमोर यायचा, पुढचे दोन्ही पाय त्याच्या तोंडाजवळ नेऊन नखं भराभर थरथरवायचा. बघणाऱ्यांना ते लाडाचं वाटायचं. नर मादीसमोर हे करतो ते प्रणयासाठी. दुसऱ्या नरासमोर करतो तेव्हा बहुतेक वेळा तो दमदाटी करत असतो. तसंच एकमेकांच्या पाठीवर चढून बसण्याचं. पाण्याबाहेर दिव्याखाली असलेल्या कोरड्या कट्ट्यावर ढब्बू बारक्याच्या पाठीवर बसलेला असायचा आणि लोक "किती प्रेम!" म्हणायचे. वरचा सगळी ऊब आणि सगळा यूव्हीबी, म्हणजे दिव्यातले अतिनील किरण, घेतो, खालच्याला सावली मिळते. स्लायडर कळपानं जगणारा प्राणी नाही. तळ्यातल्या एका ओंडक्यावर दहा कासवं दिसतात ती ऊन आणि ओंडका दोन्ही मोजके असतात म्हणून. एकटं ठेवलं तर ते झुरत नाही. हे एक कळलं की अर्धा निर्णय तिथेच होतो.

दबलेलं कासव ओळखायला चावे दिसायची वाट बघू नका. बारक्या कट्ट्यावर निवांत बसेनासा झाला होता. ढब्बू पाण्यात उतरला की घाईनं वर यायचा, तो वळला की पुन्हा पाण्यात. काही कासवांचं उलटं होतं, ती भीतीनं कट्टा सोडतच नाहीत. खाणं कमी होतं, एका कोपऱ्यात बस्तान बसतं. जखमा बघायच्या त्या शेपटीचं टोक, मानेची कातडी, मागच्या पायांची बोटं आणि कवचाची कड इथे. बारक्याच्या शेपटीचं टोक गेलं त्या दिवशी मी त्याला उचलून वेगळ्या टबात ठेवलं.

डॉक्टरांचा टप्पा सुरळीत पार पडला, म्हणून थोडक्यात. सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्यच गाठा, कारण कुत्र्या-मांजरांना चालणारी सगळी औषधं कासवांना चालत नाहीत. आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध तर कासवांच्या जिवावर बेततं. आम्हाला सांगितलं गेलं ते असं: फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक जखमेवर, दिवसाचा बराच वेळ कोरड्या उबदार टबात, आणि खाण्यासाठी रोज काही वेळ स्वच्छ पाण्यात, कारण स्लायडरला पाण्याबाहेर घास गिळता येत नाही.

खरा घोळ झाला पार्टिशनचा. दुसऱ्या पूर्ण टाकीची सोय लगेच होणार नव्हती, म्हणून आहे त्याच टाकीत मधे भिंत घालायची ठरली. ऐकायला सोपं वाटतं. विकणाऱ्यानं पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पातळ शीट आणि काचेला चिकटणारे रबरी कप दिले, "सगळे हेच वापरतात" म्हणाला. त्या शीटनं मला जेवढं छळलं तेवढं कासवांनी छळलं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे पारदर्शक भिंत ही कासवाच्या दृष्टीनं भिंतच नाही. ढब्बूला पलीकडचा बारक्या दिसत होता आणि पोचता येत नव्हतं. तो दिवसभर त्या शीटवर तोंड आपटत, पाय मारत राहिला. बारक्याला कुणी चावत नव्हतं, तरी तो पुन्हा कट्ट्यावर येईना. एकही चावा न बसताही कासव दबून राहतं, हे मी तिथे पाहिलं. दुसरं, कपांवर शेवाळाचा बुळबुळीत थर आला की ते सुटतात, आणि ते नेमके रात्री सुटतात. तिसरं मला कुणीच सांगितलं नव्हतं. फिल्टर पाणी एका कप्प्यातून ओढतो आणि दुसऱ्यात सोडतो. शीटला भोकं कमी असली की दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत फरक पडतो आणि सगळा दाब शीटवर येतो. पातळ शीट धनुष्यासारखी वाकते, कडेला फट पडते, आणि फटीत कासवाचं डोकं शिरतं.

मग फॉल्स सीलिंगच्या दिव्यांखाली असते ती चौकोनी घरांची प्लास्टिकची जाळी लावून बघा, असा सल्ला आला. पाणी छान खेळतं, पण प्रत्येक घर म्हणजे पाय रोवायला पायरी. कासवं चांगली चढतात. ढब्बू वरच्या काठाला लटकलेला सापडला तेव्हा ती जाळी त्याच दिवशी काढली.

शीट सिलिकॉननं चिकटवावी म्हटलं तर तिथेही अडलं. काचेला काच सिलिकॉननं पक्की बसते, अ‍ॅक्रिलिकला ते नीट धरत नाही. काही दिवसांत कडा सुटायला लागतात. जो तो "सिलिकॉन लावा" म्हणतो, हे मात्र कुणी बोलत नाही.

अखेर जे टिकलं ते सांगते, आणि ते स्वतः उभं केल्याचा मला अभिमान आहे. टाकी पूर्ण रिकामी केली, सुकवली. पुढच्या आणि मागच्या काचेवर आतून काचेच्या दोन-दोन अरुंद पट्ट्या उभ्या चिकटवल्या, मधे शीट सरकेल एवढी खाच ठेवून. सिलिकॉन अ‍ॅक्वेरियमचंच घ्यायचं, बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं नको. आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरायचं नाही. वाळायला त्यावर लिहिलंय त्याहून जास्तच वेळ दिला, तोवर दोघं वेगवेगळ्या टबात. त्या खाचेत ६ मिलिमीटर जाडीची अपारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट वरून सरकवली. तिला तळापासून पाण्याच्या पातळीपर्यंत भरपूर भोकं पाडली, नखाचं टोक जाईल पण पाय किंवा नाक जाणार नाही एवढीच, आणि प्रत्येक भोकाची कड घासून गुळगुळीत केली. उंची ठरवताना पाण्यापासून मोजू नका, कट्ट्यापासून मोजा. कासव कट्ट्यावर मागच्या पायांवर उभं राहिलं तरी पुढची नखं वरच्या काठाला लागता कामा नयेत. शीट खाचेत नुसती सरकवलेली असल्यामुळे सफाईला उचलता येते. अर्थात उचलण्याआधी एकाला बाहेर काढायचं, दर वेळी.

दोन कप्पे म्हणजे दोन कट्टे, दोन उष्णतेचे दिवे, दोन यूव्हीबी. इथे काटकसर केली तर एक कासव पुन्हा दबलेलंच राहणार. यूव्हीबी काचेतून पार होत नाही, म्हणून दिवा टाकीच्या काचेच्या झाकणावर ठेवण्यात अर्थ नाही. तो दिसायला चालू असला तरी यूव्हीबी कमी होत जातो, उत्पादकानं दिलेल्या मुदतीला बदलायचा. कट्ट्यावर ३० ते ३५ अंश, पाण्यात २४ ते २७ अंश. हीटर एकाच कप्प्यात असेल तर दुसऱ्या कप्प्यात स्वतंत्र थर्मामीटर ठेवा. आमच्याकडे दोन बाजूंत फरक पडत होता, तो भोकं वाढवल्यावर गेला.

भिंत उभी राहिल्यावर बारक्या पाय ताणून ऊन खायला लागला आणि मी किती तरी दिवसांनी निवांत झोपले. तरी पार्टिशन हा कायमचा इलाज नव्हे. कवचाच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी असा ढोबळ हिशेब आहे, आणि टाकी दुभागली की दोघांनाही तो पुरत नाही. दुसऱ्या टाकीची सोय झाल्यावर बारक्या तिकडे गेला. "आता जखम भरली, एकदा सोडून बघा की एकत्र" असं तेव्हाही ऐकावं लागलं. सोडलं नाही आणि सोडणार नाही.

वर राहून गेलेलं एक: जेवायला वेगळ्या टबात घालण्यानं खाण्यावरून होणारी झटापट थांबते, दोन नरांमधली नाही. आणि एखादं कासव नकोसं झालं तर तळ्यात सोडू नका. ही जात मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्याची, आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे. नीट सांभाळणारं घर शोधून द्यावं. दोन टाक्यांना जाळी, ब्रश, बादली वेगवेगळी ठेवा, म्हणजे एकाच्या जखमेचा संसर्ग दुसऱ्याकडे जात नाही. पाण्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवा, कासवांकडून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येतो. एकटा झाल्यावर ढब्बू काही काळ काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबासमोर नखं थरथरवत होता. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून गडद कागद लावला आणि खोलीतला दिवा टाकीच्या मागून हलवला, तेव्हा ते थांबलं.