शिंदळ माकुडीचं फोन कव्हर: पिवळ्या ठिपक्यांचा प्रश्न सुटला, आता लव

पिवळ्याचा प्रश्न सुटला एकदाचा! शिंदळ माकुडी या रानफुलाच्या मरून पाकळीवरचे पिवळे ठिपके बाहेरून गढूळ तपकिरी दिसत होते, ते आता लख्ख दिसतायत. कव्हर तेच, पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं (कडक प्लास्टिकचं), आणि रंगकाम आतल्या बाजूने. टीपीयूच्या मऊ कव्हरच्या नादी लागू नका. ते वाकलं की ॲक्रिलिक रंगाला तडे जातात.

गोची आहे क्रमाची. उलट्या कामात जे सगळ्यात वर दिसायला हवं ते आधी, म्हणजे आधी ठिपके, मग मरून. पण हन्सा यलो हा पिवळा रंग पारदर्शक, मागे मरून आला की मेलाच. खरा कॅडमियम पिवळा जास्त झाकतो, तरी एका पातळ थरात तोही पुरत नाही. शिवाय किंमत बघा. थर वाढवले तर उंचवटा येतो आणि मरून भरताना ब्रश नेमका तिथे अडकून कड उचलतो. मागे पांढरा दिला तर पिवळा उजळतो, पण पांढरा जरा बाहेर गेला की ठिपक्याभोवती कडं दिसतं.

जमलं ते असं: आठ भाग हन्सा यलोत एक भाग टिटॅनियम व्हाइट, एकच थर. पूर्ण सुकल्यावर मागे पांढरा, ठिपक्याच्या कडेपासून पाव मिलिमीटर आत. मग मरून. कडेला पिवळा किंचित गडद होतो, ते शोभतंच.

थर उचलण्यामागे पाणीही आहे. पाण्याने फार पातळ केलं की बाइंडर (रंग धरून ठेवणारा घटक) विरळ होतो, पकड जाते. त्याऐवजी ग्लॉस मीडियम (रंग पातळ करायचा चकचकीत ॲक्रिलिक द्रव) वापरा. कव्हर आधी भांड्यांच्या साबणाने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ॲसिटोन किंवा थिनर अजिबात नको, पॉलिकार्बोनेट धुरकट होऊन चिरतं.

मरूनसाठी ॲलिझरिन क्रिमसन आणि बर्न्ट अंबर. काळ्याने रंग मरतो. नमुना कागदावर नाही, टाकाऊ कव्हरवर बघा. प्लास्टिकमागे रंग ओला असल्यासारखा गडद दिसतो.

फूल दोनेक सेंटीमीटरचं, म्हणजे खऱ्या मापात तीन आरामात बसतात. शिवनेरीच्या कड्यांवर हिची पानं कोरड्या दिवसांत गळतात, पण फुलं पावसाळ्यात येतात, तेव्हा पानं हवीतच. कच्चं चित्र आरसाप्रतीत छापून बाहेरून चिकटवा.

पाकळीच्या कडेची लव ०.१ च्या पेनने काढायचा बेत होता, पण मीडियमखाली शाई पसरते. त्यापेक्षा मरून मिलिमीटरभर बाहेर भरायचा आणि अर्धवट सुकल्यावर बांबूच्या टोकदार काडीने फटी खरवडायच्या. उरते ती लव. मग मागे पांढरा भरला की तो फटींतून दिसतो. सुई नको, ओरखडा कायमचा राहतो. दुसरं आणि तिसरं फूल याच पद्धतीने.

शेवटी पाण्यातलं पॉलीयुरेथेन वार्निश, दोन थर, आणि आठवडाभर सुकवणं. नाहीतर गरम फोनला रंग चिकटतो. वायरलेस चार्जिंग असेल तर सोनेरी धातूचा रंग कुठेही नको.