वेळापत्रकाने फोडलेली बरोबरी

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आमच्या एका गिऱ्हाईक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉल खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एका गटात, तीन संघ दुसऱ्या जागेसाठी बरोबरीत आले. विजेतेपदाच्या सामन्यात जागा दोन, पहिली आधीच गेलेली. तिघांतून एक निवडायचा होता. टायब्रेकरची, म्हणजे बरोबरी फोडण्याची, नियमावली उघडली गेली आणि एकेक नियम निकामी ठरत शेवटी अशा कलमावर येऊन थांबली, ज्यात खेळाडूंच्या हातात काहीच नव्हतं. रविवारी सकाळी मला फोन आला: "वेळापत्रक कसं तयार झालं ते दोन पानांत लिहून दे. वकिलांनाही वाचायचंय."

अमेरिकेत खेळांची वेळापत्रकं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी काम करतो. कॉलेज फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूवाला, शनिवारी अख्खं गाव बंद पाडणारा खेळ. विद्यापीठं कॉन्फरन्स करून राहतात. वर्षाला बारा सामने, त्यांतले आठ किंवा नऊ आपल्याच कॉन्फरन्समध्ये. टेलिव्हिजनच्या पैशापायी कॉन्फरन्स सोळा, सतरा, अठरा संघांच्या झाल्या, सामने मात्र आठ-नऊच. म्हणजे जवळजवळ निम्म्या संघांशी त्या वर्षी गाठच पडत नाही, तरी क्रमवारी सगळ्यांची एकच लागते. आपल्याकडे आयपीएलमध्ये २०२२ पासून असाच प्रकार आहे: दहा संघ, चौदा सामने, म्हणून पाच संघांशी दोनदा आणि चारांशी एकदाच. पण तिथे निदान प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा तरी गाठ पडते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमचं काम म्हणजे तारखा लावणं. तारखा हा नंतरचा भाग. आधी ठरतं ते कोण कोणाशी खेळणार, आणि खरी भांडणं तिथे असतात. पूर्वी कॉन्फरन्सचे दोन विभाग असत. एसईसी या कॉन्फरन्समध्ये २०१२ साली चौदा संघ झाले तेव्हा सूत्र होतं सहा-एक-एक: आपल्या विभागातले सहा, पलीकडच्या विभागातला एक कायमचा, आणि एक फिरता. फिरता एकच असल्यामुळे पलीकडच्या बाकी सहा संघांचा पूर्ण फेरा, त्यांच्याकडे आणि आपल्याकडे धरून, बारा वर्षांचा. जॉर्जियाचा संघ टेक्सस ए अँड एमच्या गावी, कॉलेज स्टेशनला, कॉन्फरन्सचा सामना खेळायला २०१२ ते २०२३ या काळात एकदाही गेला नाही. खेळाडूला मिळतात चार मोसम. खेळाडूंच्या तीन पिढ्या आल्या आणि गेल्या. त्यात एलएसयूच्या, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या, वाट्याला कायमचा प्रतिस्पर्धी म्हणून बलाढ्य फ्लोरिडा आला होता. त्यांची कुरकुर विभाग मोडेपर्यंत चालू होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

म्हणून आता सगळीकडे फिरतं वेळापत्रक. एसईसीचं २०२६ पासूनचं सूत्र: सोळा संघ, नऊ सामने, तीन प्रतिस्पर्धी दरवर्षीचे, सहा फिरते. बाकीचे बारा सहा-सहा करून दोन वर्षांत संपतात. चार वर्षांत प्रत्येकाच्या मैदानावर एकदा आणि आपल्या मैदानावर एकदा. कागदावर हे इतकं देखणं बसतं की पहिल्यांदा मांडलं तेव्हा मलाच बरं वाटलं होतं. सगळीकडे असं बसत नाही. एसीसीमध्ये सतरा संघ आहेत. सतरा गुणिले नऊ म्हणजे एकशे त्रेपन्न, विषम. दोन संघांचा मिळून एक सामना होतो, तेव्हा हा आकडा सम हवा. म्हणजे सगळे संघ नऊ सामने खेळूच शकत नाहीत, निदान एकाला तरी आठच मिळणार. बैठकीत हे सांगितलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "पण सॉफ्टवेअर काहीतरी करेल ना?" सॉफ्टवेअर काय करणार?

बिग टेनमध्ये आणखी गंमत. अठरा संघ, आणि जुनी वैरं राखण्यासाठी बारा सामने दरवर्षी पक्के. पण ते सारखे वाटलेले नाहीत. आयोवाला असे तीन: मिनेसोटा, नेब्रास्का, विस्कॉन्सिन. पेन स्टेटला एकही नाही. ज्याला तीन पक्के, त्याच्या सूत्रात हलवायला जागा कमी. ज्याला एकही नाही, त्याचं सगळं नशीब फिरत्या भागावर. यातलं न्याय्य कुठलं, हे विचारलं तर उत्तर कोणत्या विद्यापीठाचा माणूस बसलाय त्यावर ठरतं.

माझा जीव खरा रमतो तो पुढच्या थरात. तीन पक्क्या प्रतिस्पर्ध्यांपैकी दोन एकाच वर्षी घरी येता कामा नयेत, असं सगळेच मागतात. तीनांत ते कसं जमवायचं? नऊ सामने म्हटले की निम्म्या संघांना घरचे पाच आणि निम्म्यांना चार. पुढच्या वर्षी उलट. टेक्सस-ओक्लाहोमा ऑक्टोबरात डॅलसला, राज्याच्या जत्रेच्या वेळी तटस्थ मैदानावर होते. तो सामना ना घरचा ना बाहेरचा, त्यामुळे त्या दोघांचा हिशेब वेगळा. लॉस एंजेलिसचा संघ न्यू जर्सीत दुपारी बाराला उतरवला तर त्यांच्या अंगाला ते सकाळचे नऊ. बाय वीक, म्हणजे बिनसामन्याचा आठवडा, घेऊन ताजा झालेला प्रतिस्पर्धी किती वेळा समोर आला, हे प्रत्येक कोच बोटांवर मोजतो आणि पत्रकारांना सांगतो. हे सगळं आम्ही अटी म्हणून लिहितो, काही मोडता न येणाऱ्या, काही दंड लावून मोडता येणाऱ्या, आणि सॉल्व्हरकडे, म्हणजे उत्तर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, देतो. रात्रभर यंत्र चालतं. सकाळी दंड सर्वांत कमी असलेलं उत्तर समोर असतं.

सर्वांत कमी दंडाचं उत्तर एकच असतं, हा मात्र गैरसमज आहे. सारख्याच दंडाची ढीगभर उत्तरं असतात. त्यांतलं कुठलं हाती लागेल, ते सॉल्व्हर शोध कुठून सुरू करतो यावर अवलंबून, आणि ती सुरुवात सीड नावाचा एक आकडा ठरवतो. कुठलाही आकडा चालतो. कित्येक जण नुसता १ टाकतात.

आता त्या शनिवारकडे. तिघांपैकी दोघे आपसात खेळले होते, तिसऱ्याची त्यांच्याशी गाठच पडली नव्हती. म्हणजे आपसातला निकाल बाद. समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध तिघांची कामगिरी सारखीच. पुढचं कलम: ज्यांच्याशी तुम्ही खेळलात, त्यांची कॉन्फरन्समधली एकत्रित विजयाची टक्केवारी. जो संघ यात मागे पडला, त्याच्या वाट्याला फिरत्या भागात तळाचे दोन संघ आले होते. मार्चमध्ये, वेळापत्रक ठरलं तेव्हा, ते तळाचे नव्हते. आमच्या हिशेबात गेल्या काही वर्षांच्या सरासरीने दोघंही मधल्या फळीत होते. मग एकाचा कोच गेला, मागोमाग ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे संघ बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतून, क्वार्टरबॅक हा चढाईचा म्होरक्या गेला, दुसऱ्याच्या बचावफळीतले निम्मे खेळाडू निघून गेले. खेळाडू दरवर्षी संघ बदलू शकतात, अशा काळात जुन्या सरासरीवरून ताकद मोजणं मला आता हास्यास्पद वाटतं. पण दुसरा आकडा नाही, आणि बैठकीत आकडा लागतो.

हे आमच्याकडेच झालंय असं नाही. २०२४ मध्ये बिग ट्वेल्व्हमध्ये चार संघ ७-२ वर, म्हणजे सात विजय आणि दोन पराभवांवर, आले: अ‍ॅरिझोना स्टेट, आयोवा स्टेट, बीवाययू आणि कोलोरॅडो. चौघांत सहा जोड्या होतात. त्यांपैकी प्रत्यक्षात खेळला गेलेला सामना एकच, अ‍ॅरिझोना स्टेट विरुद्ध बीवाययू. बाकी सगळं कागदावर ठरलं. २०२५ मध्ये एसीसीत व्हर्जिनिया पहिला, आणि त्याच्यामागे पाच संघ ६-२ वर. प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीवर ड्यूक पुढे गेला, तोही एकूण सात विजय आणि पाच पराभव घेऊन. दहा विजय घेतलेला मायामी घरी. ड्यूकने तो सामना जिंकला, तरी बारा संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये त्याला घेतलं नाही, मायामीला घेतलं. त्या आठवड्यात लोकांनी ड्यूकला नावं ठेवली. ड्यूकने काय केलं होतं? समोर आलेले सामने खेळले.

रविवारी दुपारभर बसून मी दोन पानं लिहिली. अटी, दंड, समतोलाचं कोष्टक, सगळं. शेवटच्या परिच्छेदात सीडचा उल्लेख केला. माझ्या वरिष्ठांनी तो परिच्छेद काढायला सांगितला. त्यांचं म्हणणं, लोकांना 'गणिताने ठरवलं' हे पचतं, 'योगायोगाने ठरलं' हे पचत नाही. माणूस हुशार आहे, गिऱ्हाईक सांभाळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पण या एका बाबतीत ते मला पुजाऱ्यासारखे वाटले, गाभाऱ्याचं दार बंद ठेवणारे. मी परिच्छेद ठेवला.

संध्याकाळी कॉन्फरन्स ऑफिसमधल्या बाईंचा फोन आला. त्या वेळापत्रकाच्या कामात माझ्यापेक्षा जुन्या, पुठ्ठ्यावर चिठ्ठ्या लावून तारखा ठरवायच्या त्या काळापासूनच्या. "म्हणजे दुसरा आकडा टाकला असता तर त्यांना दुसरे प्रतिस्पर्धी मिळाले असते?"

"हो. आणि तेही वेळापत्रक तुम्ही तितक्याच आनंदाने मंजूर केलं असतंत."

आदल्या रात्री मी तेच मॉडेल वेगवेगळ्या सीडवर चालवलं होतं. जो जिंकला तो जिंकलाच असता असं धरून टक्केवारी मांडली, तर काही उत्तरांत तो मागे पडलेला संघ पुढे जात होता, काहींत नाही. हे गृहीतकच लंगडं आहे, कारण वेगळ्या संघाशी वेगळ्या शनिवारी काय झालं असतं ते कोण सांगणार. बाईंनाही ते कळत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, हे पानावर घालणार आहेस का. नाही म्हणालो.

मला सतावतं ते असं, की माझ्या कोष्टकात काहीच चुकीचं नाही. चार वर्षांत प्रत्येकाला प्रत्येकजण मिळतो. पण प्लेऑफची निवड दर डिसेंबरला होते, कोचची नोकरी जाते तीही डिसेंबरला, आणि चौथ्या वर्षाच्या खेळाडूला पुढच्या फेऱ्यातल्या भरपाईचा काय उपयोग? शिवाय ताकदीचा समतोल सगळ्यांना हवाच असतो असंही नाही. मार्चमध्ये एका मध्यम विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने, म्हणजे क्रीडाविभागाच्या प्रमुखाने, मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, कॉन्फरन्समधला सर्वांत बलाढ्य संघ आमच्याकडे येईल असं बघ. त्या एका शनिवारची तिकिटं आणि पार्किंग यांवर आमचे लहान खेळ वर्षभर चालतात. त्याच आठवड्यात त्याच विद्यापीठाच्या कोचचा निरोप आला: तो सोडून कोणीही चालेल. दोघांच्याही पत्रांवर बोधचिन्ह एकच होतं.

युरोपात चॅम्पियन्स लीगने २०२४ मध्ये छत्तीस संघांची नवी पद्धत आणली, प्रत्येकाला आठच प्रतिस्पर्धी. तिथे मोनॅकोत समारंभ केला, संघाचा गोळा हाताने काढला आणि त्याचे प्रतिस्पर्धी संगणकाने सगळ्यांदेखत निवडले. नाटक आहे, मान्य. पण योगायोग आहे हे उघड सांगणारं नाटक. मी आता तसाच प्रस्ताव दिलाय: समान दंडाची उत्तरं आधी छापून वाटायची, आणि वसंतातल्या बैठकीत सगळ्या डायरेक्टरांसमोर सोडत काढून त्यांतलं एक घ्यायचं. वकिलांना आवडला. कोच लोक अजून वाचताहेत. टेलिव्हिजनवाल्यांचा प्रतिसाद सर्वांत आधी आला: कल्पना छान आहे, प्रक्षेपणही करू, फक्त सोडत मनासारखी निघाली नाही तर पुन्हा काढता येईल का, एवढं कळवा.