आमची वाटचाल : आधी फ्लॅप उचला

आमच्याकडे रानवाटेवरच्या घोडेस्वारीला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी खोगिराचा फ्लॅप, म्हणजे स्वाराच्या पायाखाली येणारी चामड्याची झडप, उचलायला लावतो. ही सवय आम्ही फार मोठी किंमत मोजून लावून घेतली. ती गोष्ट आजवर लोकांनी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली, म्हणून आज मी लिहितो.

सुरुवात दोघांची. भांडवल माझं, हात दादांचे. दादा माझे सख्खे भाऊ नव्हेत. चामड्याचे कारागीर, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. त्यांची आरी, रापी, गुडघ्यांत धरायचा लाकडी चिमटा आणि मेण लावलेला दोरा, एवढ्यावर आमची पहिली तीन खोगिरं उभी राहिली. शिवण हातानेच, एका दोऱ्याला दोन सुया. त्यात एक टाका झिजला तरी शेजारचे टाके धरून राहतात. मशीनचा टाका तुटला की शिवण उसवत जाते. चामड्याआधी दोरा कुजतो, हे दादांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. पट्टा उलटा वाकवून भेग बघायची, शिवण नखाने उचकटून बघायची, बकलाचा काटा हलवून बघायचा. सगळं मला पाठ होतं.

तरी सातव्या वर्षी उतारावर एक खोगीर फिरलं.

फ्लॅपखाली तीन पट्टे लोंबतात, ती बिलेटं; घोड्याच्या पोटाखालून येणारा तंग बकलांनी त्यांना लावतात. त्या खोगिराच्या पुढच्या बिलेटचं भोक ओढून लांबट झालं होतं. मदतनीस पोराने मला न सांगता तंग दुसऱ्या आणि तिसऱ्या बिलेटला लावला. धंद्यातल्यांना इथेच कळलं असेल. बिलेटं वर खोगिराच्या आतल्या विणलेल्या पट्टीला, म्हणजे नवारीला, शिवलेली असतात. पुढचं बिलेट वेगळ्या नवारीवर असतं, मागची दोन्ही एकाच नवारीवर. म्हणून तंगाचं एक बकल पहिल्याला आणि दुसरं मागच्या दोघांपैकी एकाला लावायचं. एक नवार गेली तर दुसरी सांभाळते. त्या दिवशी सगळा भार एकाच नवारीवर आला, आणि घामाने ती आतून कुजलेली होती. सकाळी तंग मी स्वतः तपासला होता. हात घालून ताण बघितला, रिकिबी बघितल्या, लगाम बघितला. फ्लॅप उचलला नाही. स्वाराचं कॉलरबोन मोडलं. उपचाराचा खर्च आम्ही केला, आणि त्या माणसाने आम्हाला एक वावगा शब्द काढला नाही.

शब्द काढले ते दुसऱ्यांनी. आमच्यानंतर दोन वर्षांनी याच धंद्यात उतरलेल्या एकाने आठवड्याभरात सगळीकडे पसरवलं, की यांचं सामान जुनं आणि ठिगळांचं. त्यांचं सगळं नवं आणि चकचकीत. पण बकलं ओतीव जस्ताची, वरून मुलामा दिलेली. ती वाकतसुद्धा नाहीत, एकदम तुटतात. आमचं चामडं तुटलं नव्हतं, दादांचा टाका तुटला नव्हता. चूक बघण्यातली होती आणि ती माझी होती. ती मी त्या दिवशीही नाकारली नाही. पण दादांच्या हातावर ठपका आला, तो मला अजून डाचतो. पुढे आमचा तोच मदतनीस त्या नव्या धंदेवाल्यांनी नेला, आणि सहा महिन्यांत त्यांच्या दारावर पाटी लागली : ‘प्रत्येक स्वारीआधी संपूर्ण तपासणी’. ती तपासणी शब्दन्‌शब्द दादांची.

अपघातानंतर चार महिने आमच्याकडे एका बाईंखेरीज कोणी फिरकलं नाही. दोन घोडे विकले, त्यांत काळी घोडी गेली.

त्या बाई अपघातानंतर दुसऱ्याच रविवारी आल्या. पहिल्या वर्षापासून येणाऱ्या. म्हणाल्या, “माझा घोडा तयार आहे ना?” आणि थेट खोगिराशी जाऊन त्यांनी स्वतः फ्लॅप उचलला, तिन्ही बिलेटं ओढली, वाकून वरची नवार बघितली. दादा हातातलं काम टाकून उभे राहिले. त्या दिवसापासून तो नियम सगळ्यांना झाला.

नंतरची अकरा वर्षं धंदा नीट चालला.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. तंग आवळताना घोडा छाती फुगवतो. दहा मिनिटं चालवून पुन्हा आवळा. नमदा, म्हणजे खोगिराखालची गादी, खोगिराच्या कमानीत वर ओढून घ्या, घोड्याच्या खांद्यावर ताणून बसू देऊ नका. चढताना डाव्या रिकिबीचा पट्टा ताणून लांबतो, म्हणून डावा-उजवा पट्टा अधूनमधून बदला. बुटाच्या दोन्ही बाजूंना रिकिबीत बोटभर जागा हवी. रिकिबीचा पट्टा अडकतो त्या बारचं टोक उघडंच ठेवा, पडताना पट्टा निसटला पाहिजे. आणि एकदा आपटलेलं हेल्मेट, वरून कितीही धड दिसो, पुन्हा डोक्यावर घालू नका.

काळ्या घोडीचं खोगीर अजून आमच्याकडे आहे. दादांनी ते तिच्या पाठीबरहुकूम भरलेलं, दुसऱ्या कुठल्याच घोड्याला बसत नाही. सामान तपासायच्या दिवशी मी तेही खुंटीवरून खाली काढतो, फ्लॅप उचलतो आणि तिन्ही बिलेटं ओढून बघतो.