सरांचा वाळूचा ट्रे

स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं तेव्हा स्नेहसंमेलन, कवायत, प्रयोगशाळेचा जिना, सगळ्यावर लिहायचं ठरवलं होतं. पण कागद पुढे घेतला की भूगोलाचे सरच उभे राहतात, हातात पत्र्याचा ट्रे घेऊन.

भूकंपाचा धडा त्यांनी पुस्तक मिटून सुरू केला. ट्रेमध्ये वाळू सैलसर भरली, कडेने हळूहळू पाणी सोडलं आणि वर वीट उभी केली. मी बोटाने दाबून पाहिलं, वाळू चांगली घट्ट लागली. मग मला ट्रेच्या कडेवर मुठीने ठोकत राहायला सांगितलं. सात-आठ ठोक्यांत वाळूवर पाणी चमकलं आणि वीट एका अंगाला कलून रुतत गेली. विटेचा टवकाही उडाला नव्हता. "इमारत धड आहे, मग पडली का?" आम्ही गप्प. तेव्हा त्यांनी १९६४च्या जपानमधल्या निगाता भूकंपाचं सांगितलं. तिथे चार मजली इमारती अशाच अखंड कलंडल्या होत्या. हादऱ्यांनी वाळूचे कण एकमेकांचा आधार सोडतात, भार मधल्या पाण्यावर येतो आणि जमीन पातळ होते. लगेच आमच्याकडून ट्रे पुन्हा भरून घेतला, या वेळी वाळू ठोकून ठोकून. वीट जागची हलली नाही.

सर वाद घालत नसत. पेटीतला पांढरा दगड गारगोटीच आहे म्हणून मी अडून बसलो, तर त्यांनी नुसता काचेचा तुकडा पुढे केला. गारगोटीची कठीणता ७, काचेची साधारण साडेपाच. ओरखडा उठायलाच हवा होता. उठला नाही. पातळ ॲसिडचा थेंब टाकताच दगड फसफसला. कॅल्साइट!

आज मी इमारतींच्या पायासाठी जमीन तपासतो. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून पडत राहतो आणि नळी शेवटचे ३० सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते आम्ही मोजतो. वाळूत ठोके कमी भरले आणि पाणी वरच लागलं की मला ती वीट दिसते. हे सरांना सांगायचं राहून गेलं. आता ते नाहीत.

मध्ये शाळेत आलो होतो. भिंतीवरच्या पडद्यावर भूकंपाची सुंदर चित्रफीत चालू होती. दगडांची पेटी कपाटावर, कुलूपबंद. जीव तुटला. मुख्याध्यापकांना एवढीच विनंती आहे, एक तास मला द्या. वाळू मी आणतो, ट्रे तेवढा शोधून ठेवा.